जुन्या लांकडी सामानाचा पुनरुद्धार

घरांतील जुनें लांकडी सामान काळवंडलें, चिकट झालें किंवा त्यावर पांढरे डाग उमटले, कीं तें मोडींत काढण्याची घाई होते. नाहींतर उत्साहाच्या भरांत काचकागदानें तें उघडें पडेपर्यंत घांसण्यांत येतें. दोहोंतहि नुकसानच आहे. सागवानी खुर्ची किंवा शिसवी पेटी बहुधा आंतून धडधाकट असते; थकलेला असतो तो तिच्यावरील लेप. हा लेप कशाचा आहे हें ओळखलें, म्हणजे निम्में काम झालें.

आपल्याकडील जुन्या सामानावरील तांबूस, चकचकीत पॉलिश पुष्कळदां लाखेचें असतें. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा स्राव म्हणजे लाख. ती शुद्ध करून जे पातळ पापुद्रे तयार करतात, त्यांस चपडा म्हणतात. चपडा पाण्यांत विरघळत नाहीं, स्पिरिटांत विरघळतो. आणि लेप वाळून कित्येक वर्षें लोटलीं, तरी स्पिरिट लागतांच तो बहुधा पुनः मऊ होतो. त्यामुळें नवा लेप जुन्याशीं एकजीव होतो, व सर्व खरवडण्याचें कारण उरत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. खुर्चीच्या मागील पायासारख्या न दिसणाऱ्या जागीं स्पिरिटांत भिजविलेला बोळा दोन-तीन मिनिटें धरावा. पृष्ठभाग चिकट झाला व बोळ्यास तांबूस रंग आला, तर लेप लाखेचा समजावा. कांहींच फरक पडला नाहीं, तर तो व्हार्निशाचा किंवा तैलरंगाचा असण्याचा संभव अधिक.

लाखेचा लेप असल्यास प्रथम घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानें धूळ व मळ पुसावा. धुण्याचा सोडा वापरूं नये. त्यानें लाख विरघळते व सागवान काळें पडतें. साचलेलें मेण टर्पेंटाइननें निघतें. मग ३२० नंबरचा बारीक काचकागद लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच हलका फिरवावा. आडवे ओरखडे पॉलिशाखालीं अधिकच उठून दिसतात.

एक लिटर स्पिरिटांत १५० ते २०० ग्रॅम चपडा कांचेच्या बरणींत रात्रभर भिजत ठेवावा व मलमलीच्या कापडांतून गाळून घ्यावा. लोखंडी भांड्यांत तो काळवंडतो. हें मिश्रण सहा महिन्यांहून जुनें झाल्यास नीट वाळत नाहीं. म्हणून लागेल तेवढेंच करावें. धुवून मऊ झालेल्या सुती कापडांत कापूस गुंडाळून बोळा करावा व त्यानें पातळ हात द्यावेत. बोळा मध्येंच थांबवूं नये. थांबला तेथें डाग राहतो. एका दिवसांत तीन-चार हात पुरे. दुसऱ्या दिवशीं काचकागद अगदीं हलका फिरवून पुनः तितकेच हात द्यावेत. घाईनें दिलेला एक जाड हात दहा पातळ हातांची बरोबरी करीत नाहीं.

हें काम पावसाळ्यांत काढूं नये. दमट हवेंत लेपावर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

येथवर सौंदर्याचा प्रश्न झाला. यापुढें जिवाचा आहे. लाक्षागृहाची कथा सर्वांस ठाऊक आहे. लाख ज्वालाग्राही आहे, आणि स्पिरिट तर तिच्याहून अधिक. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळपास चूल, समई किंवा विडी नसावी. स्पिरिटांत विषारी द्रव्य मिसळलेलें असतें. बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. जवसाचें तेल लावल्यास तेलकट चिंध्यांचा ढीग करून ठेवूं नये. तेल हवेंतील प्राणवायु शोषून वाळतांना उष्णता निर्माण होते, व ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यानें भरलेल्या डब्यांत टाकाव्या.

सर्वांत अधिक जपावें तें रंगविलेल्या जुन्या पाळण्यास. पूर्वींच्या रंगांत शिसें सर्रास असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री देतां येत नाहीं. असा रंग कोरडा घांसल्यास शिशाची धूळ घरभर पसरते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूस कायमची हानि करते. तापवून काढल्यास विषारी वाफा निघतात. असा पाळणा घरीं खरवडूं नये, व रंगाचे पोपडे निघत असतील तर त्यांत मूलहि निजवूं नये. तो माहितगार कारागिराच्या हवालीं करावा, आणि शिशाची शंका त्यास आधीं सांगावी. आजीच्या पाळण्याचा लोभ खरा. परंतु त्याची कड चावणाऱ्या बाळाचा जीव त्याहून मोलाचा.