सिद्धेश्वरचे पाणी आणि चोवीस मिलिमीटरची लेन्स

औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर जे मातीचे धरण बांधले आहे, त्याचा बांध सहा किलोमीटरांहून अधिक लांब असल्यामुळे, त्याच्या एका अंगाला उभे राहून पलीकडचा काठ न्याहाळणाऱ्या छायाचित्रकाराच्या मनात पहिला विचार हाच येतो की, आपल्याजवळ याहून रुंद पाहणारी लेन्स असती तर हा सारा विस्तार एका चित्रात मावला असता. ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिच्या आहारी जाऊन घेतलेली लेन्स बहुधा वर्षभरात कपाटात जाते. कारण विस्तार चौकटीत येतो खरा, पण तो येताना इतका आक्रसतो की बांधाचा दोरा होतो, पलीकडचे माळ म्हणजे एक करडी रेघ उरते आणि बाकीच्या चित्रात केवळ आकाश व पाणी एकमेकांकडे पाहत राहतात. विशालकोनी लेन्स दूरच्या वस्तूला मोठेपणा देत नाही. तो ती जवळच्या वस्तूला देते. म्हणून काठावर ओढून ठेवलेली होडी, बांधाच्या पाण्याकडील बाजूचे दगडी पिचिंग किंवा उन्हाळ्यात पाणी हटल्यावर भेगाळलेला गाळ यांच्या अगदी जवळ, दोन-तीन हातांवर, गुडघा टेकून बसण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच ही लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या कॅमेऱ्यासाठी ही निवड करावयाची, त्या फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याची थोडी कैफियत मांडणे अवश्य आहे. त्याचा संवेदक 36 मिलिमीटर रुंद आणि 24 मिलिमीटर उंच असतो. हे माप नवे नसून गेल्या शतकातील लायका कॅमेऱ्याच्या फिल्मवरील चौकटीचेच आहे. मध्यंतरी आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्याचे राज्य होते. त्यात लेन्स आणि फिल्म यांच्या दरम्यान आरसा वरखाली होत असल्यामुळे निकॉनच्या जुन्या घडणीत 46.5 मिलिमीटर आणि कॅननच्या ईएफ घडणीत 44 मिलिमीटर अंतर मोकळे ठेवावे लागे. परंतु 24 मिलिमीटर फोकल लेंग्थचे साधे भिंग दूरचे दृश्य आपल्यामागे 24 मिलिमीटरांवरच स्पष्ट करते. मग आरशाच्या पलीकडे बसलेल्या भिंगाने प्रतिमा इतकी मागे फेकावी कशी? फ्रान्समधील पियेर आंजेन्यू यांनी 1950 मध्ये 35 मिलिमीटरची जी लेन्स काढली, तिने पुढे अंतर्वक्र भिंगांचा समूह बसवून हा पेच सोडविला. पण त्या उलट्या रचनेची किंमत वाढती भिंगे, वाढते वजन आणि कडांवरील दोष यांच्या रूपाने पुढील अनेक दशके मोजावी लागली. आरसा गेल्यावर हे अंतर निकॉनच्या झेड घडणीत 16, सोनीच्या ई घडणीत 18 आणि कॅननच्या आरएफ घडणीत 20 मिलिमीटरांवर आले. मिररलेसने ज्या लेन्सांचे सर्वाधिक भले केले त्या विशालकोनी आहेत, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

रुंदीचा हिशेब मात्र कोणालाही तोंडी करता येतो. आपल्यापासून वस्तूपर्यंतचे अंतर 36 ने गुणावे आणि फोकल लेंग्थने भागावे. आलेली संख्या ही आडव्या चौकटीत मावणारी रुंदी होय. दहा मीटरांवरून 35 मिलिमीटरची लेन्स सुमारे सव्वादहा मीटर, 28 ची जवळजवळ तेरा, 24 ची पंधरा आणि 20 ची अठरा मीटर रुंदी घेते. याच हिशेबाने औंढा नागनाथाच्या मंदिराकडे पाहावे. खाली यादवकालीन शिल्पांनी भरलेला हेमाडपंती भाग आणि वर उत्तरकालीन शिखर अशी ती वास्तू सुमारे साठ फूट, म्हणजे अठरा मीटर उंच आहे. कॅमेरा वर कलविला की शिखर मागे पडत असल्याचा भास होतो, म्हणून तो दीड मीटर उंचीवर उभा पण समतल धरावयाचा असेल, तर शिखराचे टोक चौकटीत येण्यासाठी 35 मिलिमीटरला सुमारे 32 मीटर, 24 ला 22 मीटर आणि 20 ला 18 मीटर मागे सरावे लागते. मंदिराच्या आवारात भाविकांची गर्दी सांभाळून कोठवर मागे सरता येईल, हे पावलांनी मोजून आल्याखेरीज दुकानात पाऊल टाकू नये.

रात्रीच्या आकाशासाठी हिशेब पालटतो. चंद्र नसलेल्या रात्री जलाशयावर उतरलेली आकाशगंगा टिपावयाची असेल, तर तारे लांबट होऊ नयेत म्हणून पाचशेला फोकल लेंग्थने भागून जितके सेकंद येतील तितकीच मुदत घ्यावी, असा जुना संकेत आहे. 20 मिलिमीटरला ती 25 सेकंद येते, आणि आजच्या सूक्ष्मदर्शी संवेदकांवर मी तिच्या निम्मीच शिफारस करीन. अशा वेळी एफ 1.8 चे अ‍ॅपर्चर एफ 2.8 च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश घेते, आणि येथेच झूमपेक्षा प्राइम लेन्स आपली योग्यता सिद्ध करते. तथापि कोपऱ्यांतील तारे पंख फुटल्यासारखे पसरतात किंवा नाही, याची खातरजमा खरेदीपूर्वी अवश्य करावी.

वजनाचा तपशील थोडक्यात सांगतो. सोनीची 20 मिलिमीटर एफ 1.8 ही 373 ग्रॅम, निकॉन झेडची त्याच मापाची 505 ग्रॅम, तर कॅननची स्थिरीकरणयुक्त 24 मिलिमीटर एफ 1.8 अवघी 270 ग्रॅम भरते. कॅननची 16 मिलिमीटर एफ 2.8 त्याहून हलकी, 165 ग्रॅम आहे. पण तिची वक्रता कॅमेऱ्याच्या आज्ञावलीकडून सरळ करून घ्यावी लागते आणि पहिली लेन्स म्हणून मी ती सुचविणार नाही.

एकच घ्यावयाची असेल तर 24 मिलिमीटर, एफ 1.8 किंवा त्याच्या आसपासची घ्यावी. एफ 8 वर अडीच मीटरांच्या जवळपास फोकस ठेवला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे सुस्पष्ट येते, म्हणजे काठावरची होडी आणि पलीकडचा माळ दोन्ही साधतात. मंदिरापाशी ती पुरते, आणि माणूस चौकटीच्या मध्याजवळ उभा असेल तर त्याचा चेहराही विद्रूप होत नाही. ज्याचे मन मुख्यतः ताऱ्यांत आहे त्याने 20 कडे वळावे.

तूर्त पैसे खर्च करण्याची घाई नको. आपल्याजवळ जी साधी झूम लेन्स आहे ती 24 वर आणावी, कडे चिकटपट्टीने बांधून टाकावे, आणि महिनाभर तशीच वापरावी. धरणावर आणि देवळात कॅमेरा काढण्यापूर्वी मात्र तेथील पाटबंधारे खात्याच्या व देवस्थानच्या माणसांची परवानगी विचारून घ्यावी.