ब्रह्मदेशाची फारकत : १९३२ च्या कौलाचा अर्थ

रत्नागिरीस थिबा राजाचा वाडा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ब्रह्मदेश एके काळीं आपल्या किती निकट होता हें निराळें सांगावयास नको. मंडालेचा हा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत कोंकणच्या किनाऱ्यावर अटकेंत राहिला. आणि १९०८ ते १९१४ पर्यंत लोकमान्य टिळक त्याच राजाच्या मंडालेंत बंदींत होते. त्यापूर्वीं १८५८ सालीं दिल्लीच्या शेवटच्या बादशहास रंगूनला नेण्यांत आलें होतें व १८६२ सालीं तो तेथेंच वारला. एकाच सरकारच्या हातीं दोन्ही देश असल्यावांचून बंदिवानांची अशी अदलाबदल शक्य नव्हती. रत्नागिरी आणि मंडाले या कलकत्त्याच्या दृष्टीनें एकाच घराच्या दोन कोठड्या होत्या.

हें एकत्र कुटुंब १ एप्रिल १९३७ रोजीं विभक्त झालें. या घटनेसंबंधीं आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. ब्रह्मी लोकांनाच हिंदी लोकांचा वीट आला होता, म्हणून ते वेगळे झाले, ही एक; आणि इंग्रजांनीं आपल्या सोयीसाठीं त्यांना तोडलें, ही दुसरी. दोहोंतहि तथ्यांश आहे. तथापि ज्या एका प्रसंगीं हा प्रश्न ब्रह्मदेशांतील मतदारांपुढें उघडपणें ठेवण्यांत आला, त्या नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकींत त्यांनीं फारकतीविरुद्ध कौल दिला, आणि तरीहि फारकत झाली, हें या दोन्ही समजुतींत बसत नाहीं. तो कौल नेमका कशाविरुद्ध होता, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पूर्वपीठिका. १८२४–२६, १८५२ व १८८५ अशा तीन युद्धांनीं इंग्रजांनीं ब्रह्मदेश घेतला, आणि दरवेळीं जिंकलेला मुलूख हिंदुस्थान सरकारच्या पदरीं टाकला. ब्रह्मी लोकांचा धर्म, भाषा, समाजरचना हीं सर्व भिन्न. पण कारभाराच्या सोयीपुढें याचा विचार झाला नाहीं. दोन देशांमध्यें जकातीचें नाकें नव्हतें. इरावतीच्या मुखाकडील सखल प्रदेशांत जंगल तोडून भातशेती वाढली, तेथील तांदूळ मद्रास व बंगालकडे येऊं लागला, आणि मद्रास इलाख्यांतून मजूर व चेट्टी सावकार तिकडे जाऊं लागले. महायुद्धांच्या मधल्या काळांत ब्रह्मदेशांतून दरसाल सुमारें ३० लक्ष टन तांदूळ बाहेर जाई, व त्यांतील अर्ध्याच्या आसपास हिंदुस्थानांत येई. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणें ब्रह्मदेशाच्या सुमारें १ कोटी ४६ लक्ष वस्तींत १० लक्षांहून अधिक हिंदी होते. खुद्द रंगून शहरांत तर ४ लक्ष वस्तीपैकीं २ लक्ष १२ हजारांवर हिंदी! स्वतःच्या राजधानींत आपण अल्पसंख्य आहों, हें ब्रह्मी माणसास रोज रस्त्यावर दिसत होतें.

त्याची गाऱ्हाणीं खोटीं नव्हतीं. आयात जकात, तांदळावरील निर्यात जकात व प्राप्तीवरील कर हीं मध्यवर्ती सरकारच्या तिजोरींत जात, आणि तो पैसा आपल्या उपयोगीं पडत नाहीं अशी त्याची तक्रार होती. हिंदी गिरण्यांना व लोखंडाच्या कारखान्यांना संरक्षण देणाऱ्या जकातींचा भार ब्रह्मी गिऱ्हाइकावर पडे, कारखाने मात्र मुंबईस किंवा जमशेदपुरास. त्यांतच १९३० ची मंदी आली. भाताचा भाव निम्म्याहूनहि खालीं गेला, कुळांना व्याज देणें अशक्य झालें, आणि जमिनी सावकारांकडे जाऊं लागल्या. खालच्या ब्रह्मदेशांतील भाताच्या तेरा मुख्य जिल्ह्यांत चेट्टी सावकारांच्या मालकीची जमीन १९३० सालीं शेंकडा ६ होती, ती १९३७ पर्यंत शेंकडा २५ वर गेली. सावकारानें जमीन बळकावण्यापेक्षां ती त्याच्या गळ्यांत पडली असेंच पुष्कळदां म्हणावें लागेल. त्यास भात हवें होतें, चिखल नव्हे. पण ज्याचें शेत गेलें त्यानें हा भेद कां करावा? मे १९३० मध्यें रंगूनच्या गोदींत तेलुगु व ब्रह्मी मजुरांत दंगा होऊन शंभरावर माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत थारावडी जिल्ह्यांत सया सानचें बंड उठलें.

इतकें असतां फारकतीस विरोध कोणीं व कां करावा? याचें उत्तर १९१९ सालांत सांपडतें. त्या सालच्या सुधारणांतून ब्रह्मदेशास वगळण्यांत आलें होतें. चळवळ झाल्यावर १९२३ सालीं द्विदल राज्यपद्धति तेथें लागू करण्यांत आली. हिंदुस्थानच्या गाडीस जोडलेलें असल्यामुळेंच आपणांस जें कांहीं मिळालें तें मिळालें, ही समजूत त्यामुळें दृढ झाली. पुढें सायमन कमिशननें १९३० च्या अहवालांत फारकतीची शिफारस केली, तेव्हां संशय अधिकच वाढला. १९२९ सालीं रंगूनच्या कायदेकौन्सिलानें फारकतीची मागणी केली होती खरी. परंतु त्या कौन्सिलावर राष्ट्रीय चळवळीच्या मोठ्या भागानें बहिष्कार घातला होता. शिवाय तेथील युरोपियन पुढारी फारकतीचे पुरस्कर्ते होते. जें इंग्रजांना हवें तें आपल्या हिताचें कसें असेल, असा साधा तर्क खेडोपाडीं चालला.

याच्या उलट ऊ बा पे यांच्यासारखे विभक्तवादी पुढारी राजनिष्ठ म्हणून ओळखले जाणारे नव्हते. १९०६ नंतरच्या तरुण बौद्ध संघटनेच्या चळवळींतून ते वर आलेले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, हिंदी संघराज्यांत कोट्यवधि लोकांच्या मतांपुढें दीड कोटींचा आवाज उठणार नाहीं. जकात, चलन व स्थलांतर या तीन किल्ल्या आपल्या हातीं नसतील तर स्वराज्य हें नांवाचेंच ठरेल. हा युक्तिवाद आजहि कमकुवत वाटत नाहीं.

नोव्हेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळांत लंडनमध्यें ब्रह्मदेशासाठीं स्वतंत्र गोलमेज परिषद भरली. तिच्या समारोपाच्या वेळीं, १२ जानेवारी १९३२ रोजीं, मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांनीं विभक्त ब्रह्मदेशास मिळावयाच्या राज्यघटनेची रूपरेषा सांगितली, आणि विभक्त व्हावयाचें कीं हिंदी संघराज्यांत सामील व्हावयाचें हें ब्रह्मी लोकांनींच सार्वत्रिक निवडणुकींत ठरवावें, असें जाहीर केलें. दोनच वाटा मोकळ्या ठेवण्यांत आल्या. संघराज्यांत शिरलेल्या ब्रह्मदेशास पुढें इच्छेस येईल तेव्हां बाहेर पडतां येणार नाहीं, हेंहि स्पष्ट करण्यांत आलें. दुसरीकडे काँग्रेसनें मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनांत याहून अगदीं वेगळा ठराव केला होता : ब्रह्मी लोकांनीं स्वतंत्र राज्य स्थापावें, किंवा स्वतंत्र हिंदुस्थानांत बरोबरीचे भागीदार होऊन राहावें व वाटेल तेव्हां वेगळें होण्याचा हक्क राखावा. ही तिसरी वाट लंडनच्या कागदावर नव्हती. विभक्तविरोधी पक्षास मात्र नेमकी तीच हवी होती.

त्या पक्षाचे नेते ऊ चिट हलैंग व डॉ. बा मॉ. बा मॉ हे बॅरिस्टर, सया सानच्या खटल्यांत बचावाचें काम केल्यामुळें घरोघरीं ठाऊक झालेले. बौद्ध भिक्षूंचा मोठा समुदाय या पक्षामागें उभा राहिला. मताधिकार, त्या काळच्या मानानें, बराच व्यापक होता व स्त्रियांनाहि तो होता. विभक्तवाद्यांनीं विरोधकांवर हिंदी व्यापाऱ्यांचा पैसा घेतल्याचा आरोप केला, विरोधकांनीं त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हटलें. निकाल लागला तो असा : निवडून द्यावयाच्या ८० जागांपैकीं विभक्तविरोधी ४२, विभक्तवादी २९, तटस्थ ९.

येथवर गोष्ट सरळ आहे. खरा गुंता पुढें झाला. नवें कौन्सिल भरल्यावर २२ डिसेंबर १९३२ रोजीं एक ठराव संमत झाला. त्यांत, देऊं केलेल्या राज्यघटनेच्या अटींवर फारकत नको असें म्हटलें. आणि त्याच ठरावांत, हिंदुस्थानाशीं बिनशर्त व कायमचें संघराज्यहि नको असें म्हटलें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं यास गोंधळ म्हटलें, व तोच शब्द पुढील पुष्कळ ग्रंथकारांनीं उचलला. आमच्या मतें हा गोंधळ नसून विचारलेल्या प्रश्नाचेंच प्रामाणिक उत्तर होतें. मुलास वेगळें घर हवें आहे, पण वाटणींत वाट्यास आलेलें घर पडकें आहे. तेव्हां तो म्हणतो, या घरांत मी जात नाहीं, व या घरांत कायमचा राहीन असेंहि लिहून देत नाहीं. यांत विसंगति कोणती? मतदारांनीं हिंदुस्थानाशीं संबंध ठेवावा म्हणून मत दिलें नव्हतें. हलक्या प्रतीची राज्यघटना घेऊन बाहेर पडूं नये म्हणून तें दिलें होतें.

मात्र विरोधी पुढाऱ्यांनाहि दोषमुक्त करतां येत नाहीं. एप्रिल १९३३ मध्यें हाच प्रश्न निकालांत काढण्यासाठीं कौन्सिलाचें खास अधिवेशन बोलावण्यांत आलें. दोहोंपैकीं कोणत्याहि बाजूस उघड मत दिलें तर आपलें बहुमत फुटेल हें सर्वांस कळत होतें. दिवसांमागून दिवस भाषणें झालीं, आणि मत न घेतांच मे महिन्याच्या आरंभीं अधिवेशन संपलें. ज्यांच्या हातीं लोकांचा कौल होता त्यांनीं त्याचा अर्थ स्वतः सांगितला नाहीं. मग तो लंडननें सांगितला. जॉइंट सिलेक्ट कमिटीनें १९३४ च्या अहवालांत फारकतीची शिफारस केली व १९३५ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. त्याच १९३५ सालीं कानपूरच्या हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदीं भिक्षु उत्तम होते. फारकतीस आमरण विरोध करणारा हा आराकानचा बौद्ध संन्यासी हिंदुमहासभेच्या व्यासपीठावर बसला, हें आपल्या वाचकांपैकीं अनेकांस नवीन वाटेल. आणि १९३७ सालीं विभक्त ब्रह्मदेशाचे पहिले मुख्य प्रधान झाले ते विरोधकांचे नेते डॉ. बा मॉ!

अलीकडे इंग्लंडांतच असा प्रसंग आला, म्हणून त्याचा ओझरता उल्लेख करतों. २३ जून २०१६ रोजीं तेथील लोकांनीं शेंकडा ५१.९ मतांनीं युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. परंतु कोणत्या अटींवर सोडावयाचा हें मतपत्रिकेंत नव्हतें. जकातीची एकी ठेवावी कीं नाहीं, आयर्लंडांत नाकें कोठें बसवावें, यांवर पार्लमेंटांत वर्षानुवर्षें भांडण होऊन ३१ जानेवारी २०२० रोजीं फारकत झाली. दोन प्रसंगांत एक मोठा भेद आहे : इंग्रजांचा कौल पाळला गेला, ब्रह्मी लोकांचा नाहीं. पण ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यांतच उत्तर मागितलें असतां अटींविषयींचें मत त्यांत मावत नाहीं, ही अडचण दोहोंकडे एकच.

विभक्त होण्याचें खरें काम मतपेटीनंतर सुरू झालें. हिंदुस्थान सरकारच्या कर्जांत ब्रह्मदेशाचा वाटा किती, यासाठीं अ‍ॅमरी यांच्या अध्यक्षतेखालीं पंचमंडळ नेमलें गेलें व त्यानें शेंकडा साडेसात हें प्रमाण ठरविलें. जिंकून घेण्यासाठीं झालेल्या युद्धांचा खर्च जिंकलेल्यानें कां द्यावा, हा ब्रह्मी बाजूचा प्रश्न त्यापूर्वींचाच होता, आणि त्याचें समाधान या आंकड्यानें झालें नाहीं. व्यापार तोडण्याची मात्र कोणासच घाई नव्हती. तीन वर्षेंपर्यंत दोन्ही देशांतील माल पूर्वीप्रमाणेंच मोकळा जावा, व माणसांच्या येण्याजाण्यावरहि नवें बंधन नसावें, असें हुकुमानें ठरलें. चलनाचा कारभार हिंदुस्थानच्या रिझर्व्ह बँकेकडेच राहिला. रुपयाच्या नोटांवर, त्या फक्त ब्रह्मदेशांत चालतील, एवढा शिक्का मारण्यांत आला.

ज्या प्रश्नानें सारी चळवळ पेटविली तो स्थलांतराचा प्रश्न असा लांबणीवरच पडला. जुलै १९३८ मध्यें रंगुनांत पुन्हां हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर चौकशी होऊन जुलै १९४१ मध्यें दोन सरकारांत स्थलांतराचा करार झाला. हिंदी मजुरांच्या हिताचा सौदा झाला नाहीं म्हणून त्यावर हिंदुस्थानांत कडाडून टीका झाली. तो अमलांत येण्यापूर्वींच, २३ डिसेंबर १९४१ रोजीं, रंगूनवर जपानी बाँब पडले, आणि पुढील कांहीं महिन्यांत लाखों हिंदी लोक आराकानच्या व आसामच्या डोंगरांतून पायीं हिंदुस्थानाकडे निघाले.