दहा गुंठ्यांचा कोळसा

वऱ्हाडच्या काळ्या रानात निंदणाला मजूर मिळेनासे झाले, तसतसा अमरावती व अकोला जिल्ह्यांतील घरोघरी तणनाशकाचा डबा येऊन बसला. आणि त्यांतील पॅराक्वाट नावाचे द्रव्य इतके दारुण आहे की, त्याचा एखादा घोट पोटात गेला तर उतारा म्हणून देता येईल असे औषध अद्याप वैद्यकाच्या दप्तरी नाही.

अशा वेळी रक्तच शरीराबाहेर काढून शुद्ध करण्याची जी तजवीज आहे, तिला हिमोपरफ्युजन म्हणतात, आणि तिचे सारे मर्म अधिशोषणात आहे. सरकीची ढेप पाणी पिऊन फुगते ते शोषण. पावसात रानातून चालणाऱ्याच्या पायाला चिखल नुसता वरवर चिकटतो ते अधिशोषण. सक्रिय कोळशाच्या अवघ्या एका ग्रॅमातील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून मांडला, तर तो सुमारे 1000 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे भरतो! मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून निघालेले रक्त, गोठू नये म्हणून हेपारिन देऊन, पंपाच्या रेट्याने मिनिटास दीडशे-दोनशे मिलिलिटर या गतीने कोळशाच्या वा राळेच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून जाते, विष मण्यांना चिकटून राहते, आणि रक्त परत शिरेत येते. 1964 साली ग्रीसमध्ये यात्झिडिस यांनी हा प्रयोग केला तेव्हा कोळशाची भुकटी रक्तात उतरे व प्लेटलेट नष्ट होत. मॉन्ट्रियलच्या थॉमस चांग यांनी कणाकणाला पातळ पटलाचे वेष्टन चढवले, तेव्हा कोठे हा मार्ग निर्धोक होऊ लागला. प्लेटलेट आजही थोड्याफार घटतातच.

फिटसाठीच्या फेनोबार्बिटोन गोळ्यांचे विष असे उत्तम ओढले जाते. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांत मात्र मुख्य भिस्त अॅट्रोपिनवरच असते. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता सुमारे वीस माणसे दगावली, तो घाव वऱ्हाड विसरलेला नाही. रक्तातील जंतुदोषासाठीही अशी नळकांडी वापरतात, पण त्याने प्राण वाचतातच असा निर्विवाद पुरावा नाही.

पॅराक्वाटमध्ये सारी झुंज घटकांची आहे. काही तासांतच ते रक्त सोडून फुप्फुसांत ठाण मांडते, आणि तेथून त्याला खेचण्याचे सामर्थ्य या यंत्रात नाही. पहिल्या चारेक तासांत नळकांडे जोडले गेले, तरच त्यातून काही आशा. धारणीचा रोगी सेमाडोह-परतवाड्यावरून घाट उतरून अमरावतीस येईतो यातील किती वेळ सरतो, हे मेळघाटात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. गाडीत रोग्याबरोबर तो डबाही घ्यावा. लेबल पुसले असले तरी लघवीच्या नमुन्यात खाण्याचा सोडा व सोडियम डायथायोनाइट टाकताच निळा रंग उमटला, तर पॅराक्वाटची ओळख तेथल्या तेथे पटते. आणि निळाई जितकी गडद, तितके विष अधिक.