दहा मीटर आणि अर्धा मिलिमीटर

एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. नीट टोक केलेली पेन्सिल कागदावर टेकवली तर उमटेल, तेवढाच. गंमत म्हणजे दहा मीटरवर उभ्या असलेल्या नेमबाजाला तो दिसतच नाही. त्याला दिसतो साडेतीस मिलिमीटरचा काळा गोल. रायफलच्या पुढच्या साइटमध्ये एक कडी असते. त्या कडीत हा गोल मधोमध बसवायचा आणि भोवतीची पांढरी किनार सगळीकडून सारखी दिसू लागली की ट्रिगर दाबायचा. ठिपक्याची काळजी करायची नाही.

पेलेट साडेचार मिलिमीटरची, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट जाड. त्यामुळे दहा गुण मिळवणं वाटतं तेवढं अशक्य नाही. खरी कत्तल होते ती दशांशात. रायफलमध्ये दहाचेही १०.० ते १०.९ असे तुकडे पाडतात. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं, जास्तीत जास्त ६५४ गुण. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत अंतिम फेरी हुकते ती एखाद-दुसऱ्या दशांशानं.

हे आकडे आधीच सांगितले, कारण नेमबाजी शिकायला येणारा प्रौढ माणूस बहुतेक वेळा भलतंच चित्र डोक्यात घेऊन येतो. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल, मग जत्रेत फुगे फोडणं (तिथल्या बंदुकांच्या नळ्या मुद्दाम वाकवलेल्या असतात, असं प्रत्येक गावातला एक जाणकार सांगतोच), आणि पुढे सगळं शिक्षण सिनेमाचं. त्याला धावायचं असतं, भिंतीआडून वळायचं असतं, धडाधड गोळ्या झाडायच्या असतात.

तसा खेळ आहे, नाही असं नाही. त्याला ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया इथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि जेफ कूपर हे निवृत्त मरीन अधिकारी तिचे पहिले अध्यक्ष झाले. आडोसे, खिडक्या, पुठ्ठ्याची टार्गेट्स आणि गोळी लागली की आडव्या होणाऱ्या पोलादी पट्ट्या यांची एक मांडणी करतात. आधी नुसतं चालून ती पाहून घ्यायची, कुठे उभं राहायचं, मॅगझिन कुठे बदलायचं हे ठरवायचं. मग टायमरचा ‘बीप’ झाला की सुरू. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे नुसता अचूक माणूसही हरतो आणि नुसता चपळही. या पळापळीतली शिस्त मात्र कडक. नळीचं तोंड ठरवून दिलेल्या कोनाबाहेर गेलं, चालताना किंवा गोळ्या भरताना बोट ट्रिगरवर राहिलं, पिस्तूल हातातून सुटलं, यातलं काहीही झालं की स्पर्धेतून बाद. पुढच्या फेरीत भरून काढू, ही सोय नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला शनिवार-रविवारी हा खेळ आसपासच्या क्लबात सापडू शकतो. आपल्याकडे अडचण मुळातच आहे. जगभर या खेळात सर्रास चालतं ते ९ एमएमचं पिस्तूल, आणि भारतात ते ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. माझ्या मते यात शौकीन माणसाचं फारसं नुकसान नाही. पळताना नेम धरायचा तर आधी उभ्यानं धरता यायला हवा, आणि उभ्यानं नेम धरणं हेच प्रकरण वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे.

या उभ्या नेमबाजीचा भारतातला संसार थाटला तो एका मराठी माणसानं, आणि तोही गांधीवादी. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. हेच लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादेत वकिली केलेला, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला हा माणूस रायफल संघटनेच्या प्रमुखपदी बसला, हे आज अनेकांना ठाऊक नसतं. नेमबाजांच्या तोंडी मात्र त्यांचं नाव कायम असतं, कारण राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची एक मोठी स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते. ‘यंदा मावळंकर खेळतोय’ हे वाक्य रेंजवर कुठेही कानावर पडेल.

महाराष्ट्राची पुढची गोष्ट वरळीच्या रेंजवरून सुरू होते. एनसीसीतून आलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजेच अंजली भागवत, तिथे संजय चक्रवर्तींच्या हाताखाली तयार झाल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्याच पिढीतल्या सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४ मध्ये अथेन्सला गेल्या आणि पुढे दोघी प्रशिक्षक झाल्या. मग कोल्हापूरची पाळी आली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफल प्रकारात, विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, मध्य रेल्वेत नोकरी करणारा आणि दीपालीताईंचा शिष्य, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तीन पोझिशनच्या रायफलमध्ये ब्राँझ घेऊन उभा राहिला. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधल्या बहात्तर वर्षांत आपण नेमकं काय करत होतो, यावर दिवाळी अंकात वेगळा लेख होऊ शकेल.

आता प्रत्यक्ष लेनवर येऊ. रायफलपेक्षा पिस्तूल घेऊन उभं राहणं सोपं वाटतं, कारण ना जाडजूड जॅकेट, ना कडक पँट. सोपं मात्र ते अजिबात नाही. एअर पिस्तूल एकाच हातानं धरायचं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. वजन साधारण किलोभर. पाय रोवायचे, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर मनगट वळवून आणायचं नाही, पाऊल सरकवायचं. मनगटानं आणलेलं पिस्तूल ट्रिगर दाबताना पुन्हा आपल्या जागी पळतं.

हात टार्गेटच्या वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा आणि काळ्या गोलाच्या थोडं खाली थांबवायचा. नजर टार्गेटवर ठेवायची नाही, पुढच्या साइटच्या पात्यावर ठेवायची. पातं रेखीव दिसलं पाहिजे, काळा गोल धुरकट दिसला तरी चालतो, नव्हे, धुरकटच दिसायला हवा. नवख्याला हे पटत नाही. मारायचं तिकडे, आणि बघायचं इकडे? पण हिशेब साधा आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर असतं फूटभर, टार्गेट असतं दहा मीटरवर. हात सगळाच्या सगळा तीन मिलिमीटर हलला, तर गोळीही तीनच मिलिमीटर हलते आणि दहाच्या वर्तुळातच राहू शकते, कारण पिस्तुलाचं ते वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. पण पुढचं पातं मागच्या खाचेत एकच मिलिमीटर कलंडलं, तर ती चूक तीसपट होऊन टार्गेटवर पोचते आणि गोळी सातच्या आसपास जाऊन बसते. म्हणून हात हलला तर हलू द्यायचा. हात प्रत्येकाचा हलतो, ऑलिम्पिकवाल्याचाही.

मग ट्रिगर. किमान पाचशे ग्रॅमचा दाब, हळूहळू वाढवत नेलेला. ‘आत्ता!’ असं मनात आलं आणि बोट झटकलं की गोळी वाया गेली. सात-आठ सेकंदांत सुटली नाही तर हात खाली घ्यायचा, दम घ्यायचा, पुन्हा सुरुवात. हा न मारता खाली घेतलेला हात चांगल्या नेमबाजाची खूण समजतात. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबायचं. याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात, आणि स्कोअर बघण्याच्या घाईत सगळ्यात आधी बळी जातो तो त्याचाच.

चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यांचा बाऊ करू नये. पुढचं पातं हातभर अंतरावर असतं, तेवढ्यासाठी योग्य नंबरची काच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घेता येते. दुसरा डोळा गच्च मिटायचा नाही, त्याच्यासमोर पांढरी पट्टी लावायची. चेहरा आवळला की थकवा लवकर येतो. वयाचं म्हणाल, तर पॅरिसमध्ये साधा टी-शर्ट घालून, खिशात हात घालून रौप्यपदक नेणारा तुर्कस्तानचा युसूफ दिकेच ५१ वर्षांचा होता. स्वीडनच्या ऑस्कर स्वानला १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये सांघिक रौप्य मिळालं तेव्हा त्याचं वय होतं ७२. गुडघे बोलू लागलेल्या माणसानं याहून सोयीचा स्पर्धात्मक खेळ दाखवावा.

कायद्याची भीती असेल, तर ती एअर वेपनपुरती तरी सोडून द्यावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता घेतो, ते द्यावं. पुढे पॉइंट टू-टूकडे, म्हणजे ५० मीटर रायफल किंवा २५ मीटर पिस्तुलाकडे वळायचं असेल तर परवाना, पोलीस पडताळणी आणि भरपूर संयम, तिन्ही हवं.

पण पहिल्याच दिवशी काही विकत घेऊ नये. सुरुवात क्लबाच्या पिस्तुलावर किंवा रायफलवर करावी. परदेशी बनावटीच्या मॅच रायफलीची किंमत लाखांत जाते, वर जॅकेट, पँट, बूट. हा खेळ स्वस्त आहे असं सांगणारा एकतर प्रायोजकाच्या पैशावर खेळतो, नाहीतर काहीतरी विकतो. शौकीन माणसाला पिस्तूल परवडतं, कारण त्यात कपड्यांचा खर्च नाही. शिवाय बराचसा सराव गोळीशिवाय होतो. घरी कोऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरून उभं राहायचं, भिंतीवर ठिपकासुद्धा नको. बघायला फक्त साइट उरते आणि ट्रिगरचा प्रत्येक हिसका लपवता न येता दिसतो. दारं-खिडक्या तेवढ्या बंद ठेवाव्यात, समोरच्या इमारतीतल्या काकूंना खेळ समजावत बसणं अवघड जातं.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण त्यात सवलत नाही. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. शस्त्र वापरात नसेल तेव्हा नळीतून रंगीत दोरा बाहेर दिसला पाहिजे, म्हणजे आत पेलेट नाही हे दुरूनही कळतं. ‘स्टॉप’ ऐकू आलं की मध्येच थांबायचं, पुढची गोळी ‘जाताजाता’ नाही. पेलेट शिशाची असते, म्हणून रेंजवर खाणं-पिणं टाळायचं आणि निघताना साबणानं हात धुवायचे. साधी गोष्ट, पण हमखास राहून जाते.

माझी एक तक्रार आहे. आपल्याकडच्या बहुतेक बॅचेस शाळकरी मुलांसाठी आखलेल्या असतात. बाकावर बसलेले पालक वाढीव गुणांचा आणि पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा हिशेब मांडत असतात, आणि त्यांच्यात पन्नाशीचा गृहस्थ येऊन उभा राहिला की प्रशिक्षक विचारतात, ‘मुलाला आणलंय का?’ नाही म्हणावं, आणि सकाळची रिकामी लेन मागावी. कामाच्या दिवशी अकरानंतर मुलं शाळेत गेलेली असतात, तेव्हा ती बहुधा मिळते. राज्य स्पर्धेत वयानं मोठ्या खेळाडूंसाठी वेगळे गट असतात, त्यांची चौकशी त्याच भेटीत करून ठेवावी.