कूलर सुकला, की नुसता वरून सुकला?

वैशाखात भंडाऱ्याचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले की घरोघरी कूलर सुरू होतात. वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या, त्यांवर पाणी चढविणारा छोटा पंप आणि हवा ओढणारा पंखा, एवढाच त्याचा पसारा. पाण्यावर चालणाऱ्या या यंत्राला पुराच्या पाण्याची भीती कसली, असे कोणालाही वाटेल. पण येथेच घात होतो.

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा शहराजवळून वाहते. २०२० च्या ऑगस्टअखेर उगमाकडच्या भागात मुसळधार पाऊस झाला, तेथील संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले आणि भंडाऱ्यातील अनेक घरांत नदी शिरली. अशा पुरानंतर लोक गाळ उपसतात व भिजलेल्या वस्तू उन्हात मांडतात. दोन दिवसांनी कूलर हाताला कोरडा लागतो. मग बटण दाबायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. कूलरमधील पाणी टाकीत आणि ताट्यांत असते. पंख्याची मोटर त्यापासून दूर, कोरडी राहील अशी बसविलेली असते. या मोटरीत लोखंडी पत्र्यांच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची शेकडो वेटोळी घट्ट भरलेली असतात. तारेवर विद्युतरोधक लेप असतो आणि खाचेला कागदासारखे अस्तर असते. मोटर बुडाली की केशाकर्षणाने पाणी या बारीक फटींत शिरते. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक आहे, पण पुराच्या पाण्यात क्षार व माती मिसळलेली असते. पाणी उडून गेले तरी क्षार आणि माती मागेच राहतात आणि हवेतील ओल पुन्हा शोषून घेतात.

आत शिरलेले पाणी लवकर का सुकत नाही? याचे उत्तर कूलरच देतो. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ताट्यांवरील पाणी ही उष्णता हवेतून घेते, म्हणून हवा गार होते. वैशाखातील कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते. भाद्रपदात हवाच बाष्पाने भरलेली असते, म्हणून कूलर लावूनही गारवा वाटत नाही. नेमक्या याच कारणामुळे पुरात भिजलेली मोटर सुकत नाही. त्यात वेटोळ्यांच्या पोटात वाराही पोहोचत नाही.

आता थोडे गणित करू. ओलीमुळे तार आणि कूलरचा पत्रा यांमधील रोध १०,००० ओहमवर घसरला आहे, असे समजा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरा. त्याने पत्र्याला हात लावला, तर २३० व्होल्ट भागिले ११,००० ओहम, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जाईल. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात व हात सुटत नाही. पण ५ अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. तो वितळतो जास्त प्रवाहाने. हा प्रवाह त्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी आहे. पंखाही नेहमीसारखा फिरत राहतो. तेव्हा 'चालू झाला, म्हणजे ठीक आहे' हा समज धोक्याचा आहे.

म्हणून मोटर पारखायची ती रोध मोजून. त्यासाठी वीजतंत्री मेगर नावाचे उपकरण वापरतात. ५०० व्होल्ट दाब देऊन मोजलेला रोध निदान १० लाख ओहम असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तेवढ्या रोधातून २३० व्होल्टला पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, आणि तो सहसा जाणवतही नाही.

भिजलेली मोटर आधी स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात, म्हणजे क्षार आणि गाळ निघून जातात. मग ती मंद उष्णतेवर सुकवितात. एकदम जास्त तापविली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन आवरण फाटू शकते. कपॅसिटर बदलणे आणि जुन्या ताट्या फेकून देणे बरे. फ्रिजचा काँप्रेसर हवाबंद डब्यात असल्याने पुष्कळदा वाचतो, पण बाहेरच्या जोडण्या भिजतात. गीझरच्या तापणाऱ्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते. नळीच्या तोंडातून ओल शिरली तर ती पूड ती शोषून घेते. ही उपकरणेही तपासूनच लावावीत. घराची अर्थिंग नीट असावी. जमिनीकडे गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विचही बसवावा. पाण्यात उभे राहून मुख्य स्विचला मात्र कधीही हात लावू नका.

एक प्रयोग करून पाहा. दोन सारखे सुती रुमाल सारख्याच पाण्यात भिजवा. एक पसरून ठेवा. दुसरा पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळून वर दोरा बांधा. गुंडाळीचा बाहेरचा थर कोरडा लागला की ती उलगडून आतला थर चाचपा. प्रयोगशाळेतील तराजूवर दर तासाला दोन्हींचे वजन करून आलेख काढा. हाच प्रयोग एकदा कडक उन्हाच्या दिवशी आणि एकदा पावसाळी दिवशी करा, आणि दोन्ही आलेख घरच्या मंडळींना दाखवा.