यंदाची कोविडची लस कुठे मिळते?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एका ताईंनी विचारलं, "माझ्या मावससासूबाई लंडनला लेकाकडे असतात. त्यांना थंडी सुरू व्हायच्या आधी कोविडची लस देतात, तीपण फुकट. आपल्याला कुठे मिळेल हो?" २०२१ साली आम्हीच बायकांना हाताला धरून लसीच्या रांगेत उभं केलं होतं, पण ह्याचं उत्तर काही चटकन देता आलं नाही. मग माहिती काढली, ती सांगतो.

कोविडचा विषाणू रूप बदलत राहतो, आणि लसीनं आलेली ताकद काही महिन्यांनी उतरत जाते. म्हणून तिकडे चालू विषाणूशी जुळवून घेतलेली लस देतात. पण तिकडेही ती सगळ्यांना नाही. २०२५ च्या हिवाळ्याआधी इंग्लंडमध्ये सरकारी लस ७५ वर्षं आणि त्यापुढच्यांना, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या आजाऱ्यांना होती.

आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. पुढे १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस १८ वर्षांवरच्या सगळ्यांना बूस्टर मोफत होता. अशी दरवर्षीची सरकारी मोहीम मात्र आपल्याकडे सुरू झालेली नाही. घरात डायलिसिसचं किंवा कॅन्सरचं माणूस असेल, तर त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. फ्लूची लस वर्षातून एकदा घेता येते, पण ती फ्लूची, कोविडची नव्हे. आणि "बूस्टरची नोंदणी करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

लस नाही म्हणजे आजार गेला असं नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याकडे पुन्हा रुग्ण वाढले होते. बहुतेकांना तो साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो. भीती आहे ती साठीपुढच्यांना, शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना.

आता आमचीच एक चूक सांगतो. गटात नियम होता, मीटिंगला गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. गेल्या पावसाळ्यात एक जण अंगात ताप असताना दंड नको म्हणून आली. बाहेर पाऊस, म्हणून दार-खिडक्या बंद, आत अठरा बायका दाटीवाटीनं. आठवड्यात पाच जणी खोकायला लागल्या. त्यातल्या शुगरवाल्या आजींना नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. कोविड होता की फ्लू, कोणी तपासलंच नाही. आजी घरी आल्या, पण त्यांच्या औषधपाण्यासाठी गटातूनच कर्ज काढावं लागलं. दहा रुपयांच्या दंडापायी! आता ठराव केला आहे: ताप-खोकला असेल तर घरी थांबायचं, हप्ता शेजारणीकडे किंवा फोनवरून पाठवायचा, दंड नाही. मीटिंग ओसरीवर घ्यायची. यायलाच लागलं तर मास्क लावून. तुमच्या गटातही हा ठराव वहीत लिहून घ्या, तोंडी बोललेलं टिकत नाही.

ताप आला की आपल्याकडे आधी सलाईन लावून घ्यायची घाई. विषाणूच्या आजाराला त्यानं काही होत नाही, आणि अँटिबायोटिकनंही नाही. त्यापेक्षा आशाताईंकडचा ऑक्सिमीटर मागा. नेलपॉलिश पुसून, हात गरम करून बोट घाला. आकडा ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. नुसता सल्ला हवा असेल तर १०४ आहे.

आजी आता मीटिंगला येतात. ओसरीवर, दाराजवळची जागा त्यांची.