ड्रम नाही, बास नाही, तरी जॅझ

लुई स्क्लाव्हिस हे फ्रान्समधल्या ल्यों शहराचे, जन्म १९५३चा. क्लॅरिनेट आणि बास क्लॅरिनेट ही त्यांची मुख्य वाद्यं. ‘ईसीएम’ या रेकॉर्ड कंपनीने २००३ साली काढलेल्या त्यांच्या ‘नापोलीज वॉल्स’ या अल्बममध्ये जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी असे एकजीव झालेत की सांधा सापडत नाही. हे कसं साधलं?

अल्बम सुचला तो चित्रांवरून. एर्नेस्त पिन्यों-एर्नेस्त या फ्रेंच चित्रकाराने १९८८ ते १९९५ या काळात नेपल्सच्या (इटालियनमध्ये ‘नापोली’) भिंतींवर कागदी मानवाकृती चिकटवल्या. त्यांतल्या कित्येक जुन्या इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रांवरून घेतलेल्या. सतराव्या शतकातला देह आजच्या गल्लीत उभा राहायचा आणि ऊनपावसात हळूहळू विरायचा.

जुनं आणि आजचं असं एकत्र येणं संगीतात कसं घडतं, ते कळायला आता वाद्यमेळ पाहा. स्क्लाव्हिस धरून वाजवणारे चौघेच. जॅझमध्ये ताल सहसा ड्रम आणि डबल बासवर उभा असतो. इथे दोन्ही नाहीत. मग ते काम वाटून घ्यावं लागतं. व्हँसाँ कूर्त्वा यांचा चेलो बोटांनी छेडला की बासची जागा घेतो आणि त्यावर गज फिरला की शास्त्रीय मैफलीचा होतो. मेदेरिक कोलिन्यों छोटा ‘पॉकेट ट्रम्पेट’ वाजवतात आणि तोंडानेही नाना आवाज काढतात. हासे पोल्सेन गिटारवर आहेत. कूर्त्वा आणि कोलिन्यों इलेक्ट्रॉनिक ध्वनीही हाताळतात.

क्लॅरिनेटची घडणही इथे कामी येते. बासरीची नळी दोन्ही टोकांना खुली. म्हणून फुंकर बदलली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी सरळ, पण रीडच्या, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्टीच्या, बाजूने बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे खालच्या ‘सा’वरून उडी थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते. खालचा आवाज भरीव, वरचा धारदार. एकाच वाद्यात जणू दोन गळे. बास क्लॅरिनेट आणखी एक सप्तक खाली उतरतो, म्हणून तो धून वाजवू शकतो आणि पायाही धरू शकतो.

पहिल्यांदा ऐकताना फक्त चेलोच्या मागे राहा. दुसऱ्यांदा ताल या क्षणी कोणाकडे आहे ते शोधा. तिसऱ्यांदा क्लॅरिनेट ऐका. मग लक्षात येतं की शैली नुसत्या शेजारी ठेवून मिसळत नाहीत. प्रत्येक वाद्याने आपलं ठरलेलं काम सोडून दुसऱ्याचं उचललं, तरच त्या मिसळतात.